शटरवरचं सुवाच्य अक्षर

लॉन्ड्रीच्या शटरवर कुणीतरी भलतंच लिहून ठेवलंय, ही बातमी आली तेव्हा पेंटरच्या तोंडात ब्रश होता. रंगाचा नव्हे, दात घासायचा. बायको भाजी आणायला गेली होती, ती रिकामी पिशवी घेऊनच परतली आणि दारातूनच म्हणाली, "अहो, आधी चला. त्या बाईच्या दुकानावर काय लिहिलंय मेल्यांनी, बघा तरी."

पेंटरनं घाईघाईनं चूळ भरली, पायात चपला सरकवल्या आणि निघाला. गल्लीच्या तोंडाशी पंधरा-वीस माणसं जमली होती. लॉन्ड्रीवाली बाई किल्ल्यांचा जुडगा हातात धरून शटरसमोर उभी होती. उघडावं की उघडू नये, हेच तिला सुचत नव्हतं. शटरच्या खालच्या अर्ध्या भागात, हातभर उंच अक्षरांत लिहिलं होतं: ‘येथून चालते व्हा!’

बघणाऱ्यांच्या मनात तेव्हा काय काय आलं असेल ते ज्याचं त्याला ठाऊक. कुणाला राग आला असेल, कुणाला भीती वाटली असेल, कुणी ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून घड्याळ बघितलं असेल. पेंटरच्या मनात मात्र पहिला विचार आला तो असा, की अक्षर झकास आहे.

लगेच त्याला स्वतःची लाज वाटली. पण चाळीस वर्षं पाट्या रंगवणाऱ्याच्या डोळ्यांना लागलेली सवय ती. भिंतीवर शिव्या लिहिणाऱ्यांची अक्षरं तो ओळखून होता. तिरकी, पळता पळता काढलेली, वेलांटी पहिली की दुसरी याचा पत्ता नाही, आणि रंगाचे ओघळ पार जमिनीपर्यंत. इथं तसं काहीच नव्हतं. सगळी अक्षरं एका उंचीची. शटरच्या आडव्या पट्ट्यांवर ब्रश उड्या मारतो, तरीही शिरोरेघ अशी, की वर गोटी ठेवली तर गडगडायची नाही. ‘इथून’ नव्हे, ‘येथून’. उद्गारचिन्हसुद्धा विसरलेलं नव्हतं. पेंटरनं वाकून पाहिलं तर शिरोरेघेखाली पुसट खडूची रेघ दिसली. लिहिणाऱ्यानं आधी सूत धरून आखून घेतलं होतं! द्वेष करायला आलेला माणूस येताना सूत आणि खडू घेऊन आला होता.

मग त्याची नजर ‘व्हा’वर गेली आणि तिथंच अडकली. ‘ह’च्या शेपटीला आत वळलेला एक बारीकसा गळ होता, मासे धरायचा असतो तसा. असा गळ काढणारी माणसं अख्ख्या शहरात दोनच होती. एक पेंटर स्वतः, आणि दुसरे त्याचे दाजी.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. जमीन मोजणीच्या कचेरीत तीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेले. लोक त्यांना नकाशेसाहेब म्हणत. आईवडील गेले तेव्हा पेंटर सोळा वर्षांचा होता, तीनदा नापास झालेला. ताई त्याला आपल्या घरी घेऊन आली. दाजींनी त्याच्यापुढं कागद टाकला आणि म्हणाले, "गणित जमत नसेल तर राहू दे. अक्षर तरी काढ." वर्षभर त्यांनी त्याच्याकडून नुसत्या उभ्या रेघा काढून घेतल्या. मग काना, मग वेलांट्या, मग अक्षरं. शाबासकी कधी दिली नाही, पण चूक कधी सोडलीही नाही. वाण्याच्या यादीतलं ऱ्हस्व-दीर्घसुद्धा लाल पेनानं दुरुस्त करणारा माणूस तो. पेंटर आज जे काही चार घास खात होता, ते त्या अक्षरावर.

रंगही ओळखीचाच होता. दोन भाग लाल, एक भाग चॉकलेटी. महिन्याभरापूर्वी दाजींनी गॅलरीच्या ग्रिलसाठी म्हणून मागितला होता, आणि पेंटरनंच तो काडीनं ढवळून डबा त्यांच्या हातात दिला होता.

तेवढ्यात हवालदार आला. त्यानं शटर नीट निरखलं, दोन फोटो काढले आणि मान हलवत म्हणाला, "अक्षर बाकी फार सुवाच्य आहे हो." मग वहीत काहीतरी खरडून पुढं म्हणाला, "पण शिकल्यासवरल्या माणसाचं काम नव्हे हे."

लॉन्ड्रीवाली बाई कुणाकडेच बघत नव्हती. बारा वर्षांपूर्वी ती आणि तिची सासू दूरच्या मुलखातून इथं आल्या होत्या, दोन बॅगा आणि एक इस्त्री घेऊन. तिच्या मुलखातली आणखी वीस-पंचवीस घरं मागच्या रस्त्याला होती. गल्ली त्या सगळ्यांना मिळून ‘ती माणसं’ म्हणायची. गल्लीला तिचं नाव ठाऊक नव्हतं, पण तिला गल्लीतली प्रत्येक कॉलर ठाऊक होती. कोण खोटं बोलताना घामेजतो, कोण नोकरी गेली तरी रोज कडक शर्ट घालून निघतो, सगळं तिला कपड्यांवरून कळायचं आणि ती कुणाला सांगायची नाही.

त्याच संध्याकाळी वाचनालयाच्या खोलीत सलोखा समिती स्थापन झाली. पुढाकार मॅडमचा. मॅडम व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग चालवायच्या आणि शहरात काहीही वाईट घडलं की त्यांचं व्यक्तिमत्त्व विकसित व्हायचं. पहिला तास समितीच्या नावात गेला. दुसरा तास बिल्ल्याचा रंग ठरवण्यात गेला, कारण पांढरा मळतो आणि निळा दुसऱ्या कुठल्याशा समितीनं आधीच घेतला होता. शेवटी प्रश्न आला, इतिवृत्त कोण लिहिणार? वेळेवर येणारा, नेमकं लिहिणारा, अक्षर चांगलं असलेला माणूस पाहिजे. सगळ्यांची बोटं एकाच दिशेला गेली.

"नको, नको," म्हणत दाजी उठले आणि चिटणीसाच्या खुर्चीत बसले.

मागच्या बाकावर बसलेला पेंटर त्यांच्याकडे बघत राहिला. दाजींनी पेनचं टोपण काढलं, समास आखला आणि लिहिता लिहिता मान वर करून विचारलं, "अज्ञात समाजकंटकाच्या भ्याड कृत्याचा, असं लिहू की निंद्य कृत्याचा?"

"दोन्ही लिहा," मॅडम म्हणाल्या.

दाजींनी दोन्ही लिहिलं आणि ठराव उभं राहून वाचून दाखवला. शेवटच्या ओळीला त्यांना रुमाल काढून डोळे पुसावे लागले. पेंटरला शपथेवर विचारलं असतं, तरी तो म्हणाला असता, की ते नाटक नव्हतं.

मग ठराव क्रमांक तीन मंजूर झाला: शटरवरचे शब्द पुसू नयेत, समाजाला आरसा दिसला पाहिजे. अक्षरांवर पारदर्शक प्लास्टिक लावायचं ठरलं, पावसापाण्यानं द्वेष खराब होऊ नये म्हणून. अडचण अशी, की दुकान उघडलं की शटर वर जातं आणि आरसाही त्याच्याबरोबर गुंडाळला जातो. म्हणून ठराव क्रमांक चार: दुकान चालू असताना शटर अर्धंच उघडावं.

"आणि गिऱ्हाईक आत कसं येणार?" पेंटरनं न राहवून विचारलं.

"वाकून," मॅडम म्हणाल्या. "त्यातून नम्रतेचाही संदेश जातो."

लॉन्ड्रीवालीला विचारावं का, असं कुणाच्या मनातही आलं नाही. पण तिच्यासाठी एक अर्ज मात्र छापला होता. त्यात तेवीस प्रश्न होते. अकरावा प्रश्न असा: ‘घडल्या प्रकाराने आपणांस किती दुःख झाले? एक ते पाच या प्रमाणात लिहावे.’ बाईनं तो अर्ज आणणाऱ्या कार्यकर्तीला विचारलं, "पाच म्हणजे जास्त की कमी?" कार्यकर्ती म्हणाली, विचारून सांगते. ती पुन्हा आली नाही.

पेंटरवर आलं बॅनरचं काम. गेली दहा वर्षं हातानं लिहिलेलं कुणाला नको होतं. दुकानदार कॉम्प्युटरवर छापलेलं फ्लेक्स टांगायचे आणि पेंटर गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवून दिवस काढायचा. "पण या कामाला फ्लेक्स नको," मॅडम म्हणाल्या, "हाताच्या अक्षराला माणुसकीची ऊब असते." तीन मीटर पांढरं कापड आणि मजकूर: ‘तुम्ही आमचेच आहात’.

पेंटर कापड पसरून बसला. ब्रश आपोआप चालला, चाळीस वर्षं चालत होता तसा. ‘तुम्ही’तला ह, ‘आहात’मधला ह. दोन्ही शेपट्यांना बारीक गळ आले, तेव्हाही त्याच्या लक्षात आलं नाही. सवयच ती, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही तसं झालं.

पहिली शांतिसभा शुक्रवारी संध्याकाळी सहाला झाली. वारा होता म्हणून बॅटरीवरच्या मेणबत्त्या आणल्या होत्या. त्यातल्या निम्म्या पेटत नव्हत्या, त्या पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत पाठवण्यात आल्या. दोन मिनिटं शांतता पाळायचं ठरलं होतं, पण एका टेम्पोला निघायचं होतं, त्यामुळे ती सव्वा मिनिटात आटोपली. बॅनर शटरच्या बरोबर वर बांधला होता. त्याखाली लॉन्ड्रीवालीला उभं केलं होतं, छातीवर समितीचा बिल्ला लावून. फोटो काढणारे तिला सांगत होते, "जरा दुःखी बघा. एवढं नको. हां, आता ठीक."

फोटोसाठी तिनं मान वर केली आणि तिला बॅनर दिसला. ती बघतच राहिली. मग मान खाली घालून तिनं शटर बघितलं. पुन्हा बॅनर. एका ‘ह’वरून दुसऱ्या ‘ह’वर. कपड्याचा डाग बघून तो कशाचा ते ओळखणारी बाई ती, शेपटीतला गळ तिच्या नजरेतून कसला सुटतोय! मग तिनं गर्दीत पेंटरला शोधलं आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याच्या हातातली मेणबत्ती आपोआप खाली आली.

दुसऱ्या दिवशी तो वाकून दुकानात गेला, हातात दोन शर्ट घेऊन. बाई म्हणाली, "मशीन बंद आहे." मागं मशीन वाफ सोडत होतं.

"बाई, तुम्हाला वाटतंय तसं नाही."

"मला काहीच वाटत नाही, भाऊ. मशीन बंद आहे."

घरी आल्यावर बायकोनं ते शर्ट तसेच परत आलेले पाहिले आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "काय केलंत?" पेंटरनं सगळं सांगून टाकलं. ग्रिलचा डबा, सूत, गळ, सगळं. बायकोनं ते शर्ट घडी करून बाजूला ठेवले.

"म्हणजे," ती म्हणाली, "एक तर तिनं जन्मभर तुम्हाला पापी समजायचं, नाहीतर तुम्ही ताईच्या संसारात काडी टाकायची."

"तेच तर."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघताय? दाजींच्या तोंडाकडे बघा जाऊन."

रविवारी दुपारी पेंटर दाजींकडे गेला. ताई शेजारी गेली होती. दाजी टेबलाशी बसून इतिवृत्ताची पक्की प्रत काढत होते.

"दाजी, शटरवर तुम्ही लिहिलंत."

"कशावरून?"

"ह वरून."

पेन थांबलं. दाजींनी चष्मा काढून पुसला. "पहाटे गारठा होता," ते हळूच म्हणाले, "गळ जरा जास्तच आत गेला."

पेंटरला हसावं की रडावं कळेना. "दाजी, अहो, काय केलंत हे?"

"चार अर्ज केले मी नगरपालिकेला," दाजी म्हणाले. "वाफेबद्दल, दुकानासमोरच्या गर्दीबद्दल. एकाचंही उत्तर नाही. त्या बायका दारात उभ्या राहून त्यांच्या भाषेत बोलतात आणि हसतात. मी जाताना हसतात. मला वाटतं, माझ्यावरच हसतात. तीस वर्षं या शहराचा नकाशा मी काढला. प्रत्येक गल्ली. आणि आता माझ्याच गल्लीत काय बोलतात ते मला कळत नाही."

"म्हणून?"

"माझं त्या बाईशी वैर नाही. कष्टाळू बाई आहे. माझे शर्ट तिच्याकडेच जातात."

"आणि समितीत रडलात, ते?"

"तेही खरंच होतं," दाजी म्हणाले, तेही अगदी प्रामाणिकपणे. "मला वाईट वाटलं. पण ठराव लिहिताना असं वाटलं, की ते दुसऱ्याच कुणीतरी केलंय." मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "तू बोललास, तर तुझ्या बहिणीनं तोंड कुठं दाखवायचं? तिनं तुला घरात घेतलं होतं, विसरू नकोस."

पेंटर उठला आणि घरी आला. त्या रात्री तो जेवला नाही, आणि बायकोनंही आग्रह केला नाही.

समितीचा जनजागृती पंधरवडा जोरात चालला होता. शाळांत निबंध झाले, चौकात पथनाट्य झालं. पथनाट्यात लॉन्ड्रीवालीचं काम मॅडमच्या भाचीनं केलं, कारण खऱ्या बाईचे उच्चार लोकांना कळणार नाहीत असं ठरलं. गिऱ्हाईकं मात्र कमी होत गेली. वाकून आत जायचं, डोक्याला शटर लागायचं, आणि बाहेर पडताना कुणीतरी फोटो काढायचं. कपडे धुवायला टाकायला जाताना सलोख्याचा संदेश देत जाणं प्रत्येकाला जमतंच असं नाही.

समारोपाच्या सभेत मॅडमनी जाहीर केलं, "आता आपल्या बॅनरचे कलाकार दोन शब्द बोलतील." पेंटरला आधी सांगितलं नव्हतं. तो माइकसमोर उभा राहिला. समोर दीडेकशे माणसं, पहिल्या रांगेत ताई. बाजूच्या टेबलावर दाजी वही उघडून बसलेले. आणि बॅनरखाली ती बाई, बिल्ला लावून.

"मला बोलता येत नाही," पेंटर म्हणाला. "मी एवढंच सांगतो. हे शटरवरचं अक्षर माझ्या घरातलं आहे. बॅनरवरचं आणि शटरवरचं, दोन्ही एकाच हाताचं वळण आहे. नीट बघा. रंगसुद्धा मीच ढवळून दिला होता. मी लिहिलं नाही, पण कुणी लिहिलं ते मला माहीत आहे, आणि पंधरा दिवस मी गप्प बसलो. मला माफ करा, बाई."

एक क्षण शांतता झाली. ठरवून पाळलेल्या शांततेपेक्षा ही खरी होती. मग मॅडमनी डोळे टिपले आणि माइक ओढून घेतला.

"किती खोल!" त्या म्हणाल्या. "द्वेष आपल्याच घरात असतो! रंग आपणच ढवळून देतो! खरंच, आपण सगळेच त्या शटरवर लिहितो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. कुणीतरी पेंटरला मिठी मारली. तो "अहो, तसं नव्हे, खरंच" म्हणत राहिला, पण माइक आता दुसरीकडे होता. पुढच्या आठवड्यात ‘रंग आपणच ढवळून देतो’ हे वाक्य समितीनं पत्रकावर छापलं.

त्या गर्दीत ते भाषण तीन माणसांना कळलं. दाजींचं पेन वहीवर तसंच थांबलं होतं आणि शाईचा एक ठिपका कागदावर पसरत चालला होता. लॉन्ड्रीवालीनं छातीवरचा बिल्ला काढून मुठीत धरला. आणि ताई आपल्या नवऱ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉन्ड्रीवाली पेंटरच्या खोलीवर आली. हातात त्याचे दोन शर्ट होते, ते तिच्याकडे कधी गेले हे त्यालाही ठाऊक नव्हतं. कडक इस्त्री केलेले. बायकोनंच गुपचूप नेऊन दिले असणार.

"कोण?" तिनं विचारलं.

पेंटरनं सांगितलं.

ती रंगाच्या डब्यांमधल्या स्टुलावर बसली. "पांढरे शर्ट," ती म्हणाली. "खिशाला शाईचा डाग. बारा वर्षं मी तो डाग काढते. दर आठवड्याला."

"पोलिसांत जाऊ. मी येतो बरोबर."

"पोलीस नंतर बघू. आधी मला माझं शटर पाहिजे. सासूला वाकता येत नाही, भाऊ. पंधरा दिवस ती दुकानात आलेली नाही. घरात एकटी भिंतीकडे बघत बसते. त्या मॅडमना तीनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमची वेदना आमच्यापर्यंत पोचली."

पेंटर तसाच उठला आणि ताईकडे गेला. ताईला फारसं सांगावं लागलं नाही. तिनं फक्त विचारलं, "कुठल्या डब्यातला रंग?" मग स्टूल लावून माळ्यावर चढली आणि मागच्या कोपऱ्यातून डबा काढला. डब्यावर कागदात गुंडाळलेला ब्रश होता. धुवून, सुकवून, केस सरळ करून ठेवलेला.

ताई त्या ब्रशकडे बघत राहिली. "पंचेचाळीस वर्षांत जेवलेलं ताट उचललं नाही या माणसानं," ती म्हणाली. "आणि हा ब्रश बघ कसा लख्ख धुतलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, सगळी दुकानं उघडी असताना, गल्लीनं एक वरात बघितली. पुढं ताई, तिच्या मागं बादली, रंग खरवडायची पत्री आणि टर्पेंटाइनची बाटली घेऊन दाजी, आणि दहा पावलं मागं पेंटर. लॉन्ड्रीवालीनं शटर पूर्ण खाली ओढून ठेवलं होतं. तिची सासू बाहेर खुर्चीवर बसली होती.

"बाई, मी..." दाजींनी सुरुवात केली.

"आधी काम," बाई म्हणाली. "बोलणं नंतर."

दाजींनी ठराव क्रमांक तीनचं प्लास्टिक फाडलं आणि खरवडायला बसले. उन्हं चढली. लोक येऊन बघून जात होते, कुणी काही विचारत नव्हतं. ‘चालते’चा ‘च’ काही केल्या निघेना. पेंटर मदतीला पुढं सरकला, तर ताईनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं.

"नीट सुटत नाहीये," दाजी घाम पुसत म्हणाले.

"रंग चांगला वापरला होता," बाई म्हणाली.

बाराच्या सुमाराला पत्रा उघडा पडला. दाजी शटरकडे तोंड करूनच पुटपुटले, "माफ करा."

"शटरची नको," ताई म्हणाली. "बाईंची मागा."

ते वळले. हात जोडावेत तर हातात पत्री होती. "मी लिहिलं," ते म्हणाले. "माझं चुकलं."

बाईनं शटरवरून हात फिरवून पाहिला. मग म्हणाली, "तुमचे कपडे ताई घेऊन आल्या तर धुईन. तुम्ही येऊ नका." माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि तिला कुणी म्हणायलाही लावलं नाही.

नेमक्या त्याच वेळी मॅडम आल्या. त्यांच्याबरोबर दुसऱ्या शहरातल्या समितीचे सहा पाहुणे होते, खास शटर बघायला आलेले. मॅडम हात पसरून म्हणाल्या, "आणि हे ते..." आणि थांबल्या.

"हे कुणी केलं?"

"मी," दाजी म्हणाले.

"तुम्ही? अहो, ठराव क्रमांक तीन तुम्हीच लिहिलात ना?"

"ठरावही मीच लिहिला, मॅडम. आणि शटरवरचंही मीच लिहिलं होतं."

मॅडम हसल्या. "हो, म्हणजे तसं आपण सगळ्यांनीच..."

"सगळ्यांनी नाही," दाजी म्हणाले. "मी. पावणेसहाला. या ब्रशनं."

पाहुण्यांपैकी एकानं वही काढून लिहून घ्यायला सुरुवात केली.

हवालदाराला बाईनंच बोलावलं. शटर हातात आल्यावर तिला पोलीस सुचले, आणि ते रीतसरच होतं. हवालदार जबाब घ्यायला बसला, दोन ओळी लिहून थांबला आणि कागद दाजींकडे सरकवून म्हणाला, "साहेब, तुम्हीच लिहा. माझं अक्षर मलाच लागत नाही." दाजींनी समास आखून आपला कबुलीजबाब स्वतः लिहिला. पुढं सहा महिने दर सोमवारी चौकीत जाऊन त्यांना सही करावी लागली.

समितीची तातडीची बैठक तीन तास चालली. चिटणिसाला काढून टाकण्यावर दुमत नव्हतं, पण तो ठराव लिहायला कुणी तयार होईना. शेवटी तो टाइप करून घेतला आणि दाजींना पोस्टानं आला. त्यात सात चुका होत्या. ताई सांगत होती, त्यांनी त्या मोजल्या, पण लाल पेन काढलं नाही. महिन्याभरात दुसऱ्या भागात कुणाच्या तरी दुकानाची काच फुटली आणि समिती बॅनर घेऊन तिकडे गेली.

पेंटरला गल्लीनं वाळीत टाकलं नाही, पण निम्म्या लोकांनी त्याच्याशी बोलणं कमी केलं. लिहिणाऱ्याचं एक वेळ समजू शकतो, म्हणत, पण घरातली गोष्ट माइकवर सांगायची म्हणजे काय! ताईनं मात्र दर रविवारी त्याला जेवायला बोलावणं सोडलं नाही. तिथं दाजी आणि तो समोरासमोर बसत आणि मीठ मागण्यापुरतं बोलत.

थंडी संपता संपता लॉन्ड्रीवाली पुन्हा त्याच्या खोलीवर आली. तिला दुकानावर पाटी हवी होती. बारा वर्षांत तिनं कधी पाटी लावली नव्हती, नजरेत येऊ नये म्हणून. आता म्हणाली, नजरेत तर आलेच आहे. वर इथल्या लिपीत लिहा, खाली आमच्या लिपीत. तिनं कागदावर लिहून आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानावर जाऊन वरची ओळ पेंटरनं अर्ध्या तासात लिहिली. खालच्या ओळीला मात्र तो घामाघूम झाला. त्या लिपीला शिरोरेघच नव्हती. अक्षरं कशाला लटकवायची तेच कळेना. तो शिडीवर, आणि खाली खुर्चीवर सासू, मान वर करून बघणारी. त्यानं पहिल्यांदा लिहिलं, सासूनं मान हलवली. त्यानं पुसलं. दुसऱ्यांदा लिहिलं, पुन्हा मान हलली. तिसऱ्यांदा मात्र म्हातारी खुदकन हसली आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. आत कपडे मोजणाऱ्या दोन बायका पोट धरून हसायला लागल्या.

"जमलं?" पेंटरनं आशेनं विचारलं.

"सासूबाई म्हणतात, आता वाचता येतंय," लॉन्ड्रीवाली म्हणाली. तिलाही हसू आवरत नव्हतं. "पण लॉन्ड्री नाही झालं. गाढव झालंय."

पेंटरही हसला. फडक्यानं ते गाढव पुसलं, खाली उतरला आणि ब्रश म्हातारीपुढं धरला. तिनं तो घेतला नाही. खुर्चीचा हात धरून ती उठली, त्याचं मनगट आपल्या सुरकुतलेल्या मुठीत पकडलं आणि भिंतीवर, पाटीच्या खाली, त्याच्याकडून चुकत होतं ते अक्षर एकदा काढून घेतलं. मग दुसऱ्यांदा. मग हात सोडून म्हणाली ते त्याला न सांगताच कळलं: आता तू काढ.